मेलिदाची बोटं

मेलेल्या माणसाला तहान लागते, हे आमच्या उसाच्या वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून घरात कुणी गेलं की कोपऱ्यात टेबल मांडायचं, त्यावर पांढरं कापड, मेणबत्ती, फुलं आणि पाण्याने भरलेला ग्लास ठेवायचा. नऊ रात्री प्रार्थना चालते. नवव्या रात्री थोरल्या लेकराने तो ग्लास उचलून पाणी अंगणात ओतायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "आता जा." एवढं ऐकलं की मेलेलं माणूस वाटेला लागतं. नाही ऐकलं तर बिचारं जाणार कुठे? बसून राहतं.

मेलिदाचं पाणी ओतलंच गेलं नाही.

ती गेली तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा रादामेस मेक्सिकोत होता. तिथल्या एका संघासाठी चेंडू फेकून पोट भरत होता. मालकांनी सोडलं नाही आणि त्यानेही फार ओढाताण केली नाही, असं वसाहतीत बोललं गेलं. बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? त्याने फक्त नार्सिसा मावशीला फोन केला. "मावशी, बाकी सगळं कर, पण पाणी ओतू नकोस. मी येतोय."

तो आला तेव्हा मेलिदाच्या थडग्यावर गवत उगवलं होतं. त्याच्या एका हातात बॅग होती आणि दुसरा खांद्यापासून मेलेला. त्या खांद्याला आता कुणी विचारत नव्हतं. कोपऱ्यातल्या ग्लासकडे बघून तो म्हणाला, "उद्या ओततो." उद्या उद्या करता वर्ष सरत आलं. नार्सिसा मावशी, म्हणजे मेलिदाची पाठची बहीण, त्याच घरात राहायची. रोज सकाळी ती ग्लास पुन्हा काठोकाठ भरायची, कारण पाणी कमी झालेलं असायचं. उन्हाने आटत असेल, असं म्हणणारे म्हणोत. उन्हाने आटणारं पाणी नेमकं सामन्याच्याच दिवशी तळाला जात नाही.

मेलिदा कारखान्याच्या मैदानाबाहेर तळलेल्या पोळ्या विकायची. तिचे हात कायम पिठात. बेसबॉलचं वेड असं की कढईत पोळी करपली तरी बाईची नजर मैदानावरून हलायची नाही. ती पंचाला ज्या शिव्या घालायची त्या ऐकून पाद्रीबाबा रस्ता बदलायचे. नवरा लवकरच दुसऱ्या बाईबरोबर पळाला. मेलिदाच्या मते त्याचा खरा गुन्हा तो नव्हताच; तो निळ्या संघाचा होता. ती हिरव्या संघाची.

आठ वर्षांच्या रादामेसला तिने एकदा दगड मारून आंबे पाडताना पाहिलं. रागवायचं सोडून ती नुसती बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी चारला, विक्रीला निघण्याआधी, परसात उकिडवी बसू लागली. हातात चिंध्या भरलेला जुना मोजा. पोरगा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा; आई कॅचर, म्हणजे तो झेलणारी.

कॅचर बॅटरच्या मागे उकिडवा बसतो आणि मांड्यांच्या मधून बोटं दाखवतो. एक बोट म्हणजे सरळ, जोराचा चेंडू. दोन म्हणजे वळणारा. चारही बोटं हलवली की हळू, फसवा. पिचरला पटलं तर तो होकार देतो, नाही पटलं तर मान हलवतो, मग कॅचर दुसरं काही सुचवतो. दुरून दिसावीत म्हणून कॅचर नखं रंगवतात. मेलिदाला रंग लागत नव्हता, तिच्या नखांत पीठ असायचंच.

रादामेस बाराचा असताना तिने दोन बोटं दाखवली, त्याने होकार दिला आणि खोडी म्हणून सरळ फेकला. वळणाऱ्या चेंडूसाठी हात पुढे केलेली मेलिदा "आई गं" एवढंच म्हणाली. तिचं पहिलं बोट मोडलं ते पुढे अंगठ्याकडे वाकडंच जुळलं. हात फडक्यात गुंडाळून ती त्याला म्हणाली, "अरे मेल्या, नको होतं तर मान हलवायची! नको असेल तर नको म्हणावं. होय म्हणून भलतंच टाकू नये." रादामेस त्या रात्री जेवला नाही. ते वाकडं बोट त्याच्या मनात असं रुतलं की त्यानंतर त्याने आईच्या खुणेला कधीच मान हलवली नाही. ती म्हणेल ते तो टाकायचा.

पुढे तो परदेशी गेला, तर फोनवर दुसऱ्या आया "जेवलास का" विचारतात तसं ही कधी विचारायची नाही. "दोन स्ट्राइक झालेले असताना सरळ टाकतात का रे, गाढवा?" इथून सुरुवात. मग तासभर तेच. त्या दोघांना दुसरं काही बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्या कशाची गरजही पडली नाही. त्याच्यावर इतकं प्रेम दुसऱ्या कुणी केलं नाही, हे त्याला ती असताना कळत होतं, पण नसताना फार कळलं.

शेवटच्या दोन दिवसांत मेलिदाची वाचा गेली होती. उजवा हात मात्र चादरीवर चालू होता. एक बोट. दोन. एक. मग चारही, थरथरत. नार्सिसाला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. ती फोनवर म्हणाली, "बोटं मोजतेय रे. देवाचं नाव घेत असेल." रादामेसच्या हातून फोन गळून पडला. आई खुणा करत होती आणि समोर पिचर नव्हता.

आता पुढचं.

ऊसतोड सुरू झाली की आमच्याकडे रविवारी दुपारी कारखान्यांचे सामने होतात. हाताला काम नाही म्हणून रादामेस तिथे खेळू लागला. पहिल्याच सामन्यात त्याला असा चोप बसला की लोक हसायचंही विसरले. तिसऱ्या डावात त्याने कंटाळून समोर बघितलं. कॅचर देल्विन, बावीस वर्षांचा जाडजूड पोरगा, बायकोच्या गुलाबी नेलपॉलिशने नखं रंगवून बसायचा. त्याच्या मांड्यांमध्ये हात होता, पण नखं गुलाबी नव्हती. पांढरी होती. हात बारीक, काळसर, भाजल्याच्या डागांचा. एक बोट दाखवत होता, आणि ते बोट अंगठ्याकडे वाकडं होतं.

भर दुपारचं ऊन होतं. शेजारी कोणी तरी कलिंगड कापत होतं. रादामेसच्या पाठीवरून मात्र विहिरीचं पाणी ओतावं तसं काही तरी गेलं. विचार करायच्या आत त्याने होकार दिला आणि सरळ चेंडू फेकला. दहा वर्षांपूर्वी फेकायचा तसा. बॅटर जागचा हललाही नाही.

त्या दिवसापासून रादामेस हरला नाही.

देल्विनची मात्र पाचावर धारण बसली. "दादा, मी दोन दाखवतो नि तू सरळ टाकतोस! मला मारायचंय का? बायको नवी आहे माझी."

"मला एक दिसलं."

"माझ्या हाताला दिसलं?" देल्विन हसायला गेला, पण हसू तोंडातच राहिलं. मग तो हळूच म्हणाला, "खरं सांगू? हसशील. मी दोन बोटं काढतो ना, तर त्यातलं एक बोट कोणी तरी मिटवतं. जोर करून नाही. आई पोराची मूठ सोडवते ना, तसं, हळू. आणि हात गार पडतो. घरी गेल्यावर गुडघे असे ठणकतात की म्हातारीसारखं भिंत धरून उठावं लागतं."

"हवा बदललीये," रादामेस म्हणाला. दुसरीकडे बघत म्हणाला.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. हिरव्या संघाला हिवाळी मोसमासाठी एक पिचर कमी पडत होता. त्यांचा माणूस येत्या रविवारी बघायला येणार, असा निरोप आला. हिरवा संघ! मेलिदा ज्या संघासाठी पोळ्या करपवायची तोच. आणि त्याच रविवारी तिला जाऊन वर्ष होत होतं. संध्याकाळी शेजारीपाजारी पांढरे कपडे घालून वर्षाच्या प्रार्थनेला येणार होते.

आदल्या दिवशी नार्सिसा मावशी दारात बसून भातासाठी तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "उद्या सकाळी आधी पाणी ओत. मग जा कुठे जायचं ते."

"आल्यावर ओततो, मावशी. प्रार्थनेच्या आधी."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? तुला ओतायचंच नाहीये."

मावशीने शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

"ऐक. रोज चार वाजले की परसात आवाज येतो. कट्, कट्. मेलिदाचे गुडघे आहेत ते. आख्खा जन्म ऐकलेत मी, मला शिकवू नकोस. ती येते आणि खाली बसते."

"मग बसू दे ना."

"बसू दे? अरे, बसल्याचा आवाज येतो. उठल्याचा येत नाही! मी कान देऊन असते. सांज होते, कोंबड्या आत जातात, दिवे लागतात, ती आपली उकिडवीच. सकाळी ग्लासातलं पाणी खाली गेलेलं. तहान लागणार नाही तर काय होईल? जिवंतपणी गुडघ्यांना तेल चोळून चोळून माझे हात गेले. मेल्यावर तरी टेकू दे की तिला कुठे!"

"तिला आवडतं ते. जन्मभर दुसरं काय आवडलं तिला?"

"तिला तू आवडायचास, मुडद्या. बेसबॉल त्याच्या मागून आला."

रादामेसने एक शेंग उचलली, सोलली, दाणे तसेच हातात धरून राहिला. "मावशी, ती नसेल तर माझ्या खांद्यात काही नाही. उद्या तो माणूस बघायला येणार. आणि पाणी ओतलं की संपलं गं. मग मी बोलायचं कुणाशी?"

मावशीने त्याच्या हातातले दाणे काढून घेतले आणि पुन्हा सोलायला लागली.

रविवारी वारा मैदानाच्या दिशेने वाहत होता. पलीकडे ऊस पेटवला होता आणि त्याची काळी राख अंगावर, टोपीवर, चेंडूवर येऊन बसत होती. हिरव्या संघाचा माणूस पहिल्या रांगेत बसून रुमालाने सारखी मान पुसत होता. रादामेसने सकाळी ग्लासला हात लावला नाही. तो मागच्या दाराने निघाला, मावशीची नजर टाळून.

हात आला. पीठ भरलेली नखं, वाकडं बोट. एक. दोन. एक. चार. रादामेस टाकत गेला आणि बॅटर बाद होत गेले. मान पुसणाऱ्याचा रुमाल मांडीवर पडला, तो त्याने उचलला नाही.

पाचव्या डावापासून काही तरी बिघडलं. हात म्हातारा दिसू लागला. कातडी सैल, मनगटाला चिकटपट्टीचा चौकोनी डाग, दवाखान्यात सुई खुपसलेली असते तिथला. बोटं थरथरत होती, चादरीवर थरथरली असतील तशीच. मग, मैदानात एवढी बोंबाबोंब चालली असताना, एवढ्या अंतरावरून, रादामेसला आवाज ऐकू आला. कट्. थोड्या वेळाने पुन्हा, कट्. उकिडव्या बाईने एका गुडघ्यावरचा भार दुसऱ्यावर घेतला की येतो तसा. त्या आवाजाबरोबर देल्विनचा चेहरा तोंडावरच्या जाळीमागे पिळवटत होता.

आठव्या डावात व्हायचं तेच झालं. देल्विनने दोन दाखवली असणार, रादामेसला एक दिसलं. चेंडू सरळ गेला आणि वळणाची वाट बघणाऱ्या देल्विनच्या हातावर बसला. तो "आई गं" म्हणाला.

रादामेस धावत गेला. बोट मोडलं नव्हतं, पण सुजत होतं. उजव्या हाताचं पहिलं बोट.

"मी बदलून घेतो दुसऱ्याला," रादामेस म्हणाला.

"नको दादा, आज तो आलाय तुला बघायला." देल्विनच्या डोळ्यांत पाणी होतं. "फक्त तिला सांग, थोडा वेळ उठू दे मला. खांदे दाबून धरल्यासारखं बसवतंय कोणी तरी. नाही, दाबत नाही... माझा आधार घेऊन बसलंय. दमलंय ते, दादा."

'तिला' असं तो म्हणाला होता. रादामेसने त्याला कधीच काही सांगितलं नव्हतं.

शेवटचा डाव. एका धावेची आघाडी, दोघं बाद, समोरच्या संघाचा एक जण धाव पुरी करायला पहिल्या बेसवर उभा. एक गडी बाद केला की सामना खिशात आणि हिरवा सदरा अंगात. बॅट घेऊन उभा होता तो समोरच्या कारखान्याचा सर्वात दांडगा गडी, आणि त्याचे दोन स्ट्राइक झाले होते; तिसरा झाला की तो बाद.

हात आला. आता तो हात नव्हताच, नुसती हाडं आणि पीठ. एक बोट. सरळ. बरोबरच होतं. सरळ टाकला असता तर तो गडी गेला असता, हे रादामेसला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. जन्मभर तिचं कधी चुकलं नव्हतं. दोन स्ट्राइक असताना सरळ टाकू नये म्हणून शिव्या घालणारी तीच, आणि आज तोच मागणारीही तीच. आज तिला लवकर संपवायचं होतं. तिला घरी जायचं होतं.

पण आज जिंकलो तर उद्या पुन्हा बसेल. परवा बसेल. मोसमभर बसेल. खेळ संपला म्हणून ती कधीच उठणार नाही, पोरगा चेंडू टाकतोय तोवर बसून राहील. ती तशीच होती.

नको असेल तर नको म्हणावं.

रादामेसने मान हलवली.

हात थांबला. क्षणभर तसाच राहिला, जणू त्याला ऐकू आलं नाही. मग पुन्हा एक बोट, जरा रागाने. रादामेसने पुन्हा मान हलवली. त्याच्या गालांवरून काजळी मिसळलेलं पाणी खाली येत होतं. प्रेक्षकांतून कोणी तरी ओरडलं, "अरे, नंदीबैलासारखी मान काय हलवतोस, टाक!" हाताने तिसऱ्यांदा विचारलं, या वेळी राग नव्हता. वाकडं बोट खूप हळू पुढे आलं. खरंच नको ना रे, असं विचारावं तसं.

"नको, आई," रादामेस म्हणाला. मोठ्याने म्हणाला. पंचाने चमकून बघितलं.

बोट मिटलं. मुठीने मांडीवर दोनदा थापटलं. परसातला खेळ संपला, हातपाय धुऊन घे, असं सांगताना ती थापटायची तसं. आणि तिथे देल्विनचा हात होता, जाड, सुजलेला, गुलाबी नखांचा. त्याची चार बोटं हलत होती. हळू, फसवा.

रादामेसने होकार दिला आणि आपल्या मेलेल्या खांद्याने, आपल्या एकट्याच्या बळावर, चेंडू फेकला.

तो हळू होता. फसवा मात्र अजिबात नव्हता. दांडग्या गड्याने असा हाणला की चेंडू कुंपणावरून, जळत्या उसावरून कुठे गेला ते कोणालाच दिसलं नाही. दोघंही धावत घरी आले, दोन धावा झाल्या, सामना गेला. हिरव्या संघाचा माणूस मान पुसत उठला, आणि रादामेसने बूट काढेपर्यंत त्याची गाडी धुरळा उडवत निघूनही गेली. देल्विन मात्र उड्या मारत आला. "दादा, हरलो की रे आपण!" असं तो म्हणत होता आणि वाकून वाकून स्वतःचे गुडघे चाचपत होता. दुखत नव्हते.

घरी पांढऱ्या कपड्यांतल्या बायका जमल्या होत्या. तुरीचा भात शिजत होता. मावशीने त्याचं तोंड बघितलं. ती म्हणाली, "आज पाणी एक थेंबही कमी झालं नाही रे."

रादामेसने ग्लास उचलला. काठोकाठ होता, त्याच्या हातून थोडं सांडलं. तो परसात गेला. आंब्याखाली एक जागा होती जिथे इतक्या वर्षांत कधी गवत उगवलं नाही. तिथे तो उभा राहिला. बायका दारात थांबल्या. त्याला काय म्हणायचं ते ठाऊक होतं, दोनच शब्द होते.

"होय म्हणून भलतंच टाकू नये," तो शेवटी पुटपुटला. मग त्याने ग्लास उपडा केला. "आई, आता जा. मी बघतो माझं."

माती पाणी पिऊन गेली. लांब कारखान्याचा भोंगा वाजून थांबला.

आणि त्या रिकाम्या जागेतून आवाज आला. कट्. मग दुसरा, थोडा लांबलेला, हात टेकून कोणी तरी सावकाश उभं राहतंय तसा. कट्.

नार्सिसा मावशीने रादामेसचा खांदा घट्ट धरला.

"उठली," ती म्हणाली.